फ्लॉरेन्सच्या मूर्ति, पॅरिसच्या ओतशाळा

युरोपांतील एखाद्या जुन्या, सुखवस्तु घराच्या दिवाणखान्यांत पाऊल टाकलें, तर शेकोटीवरील संगमरवरी फळीवर, घड्याळाच्या शेजारीं, हात-दीड हात उंचीची ब्राँझची एखादी मूर्ति उभी असलेली पुष्कळदां आढळते. कधीं तो एका पायाच्या चवड्यावर सारा देहभार तोलून आकाशाकडे बोट दाखविणारा देवदूत मर्क्युरी असतो. कधीं मुखाशीं हात नेऊन विचारांत गढून गेलेला लॉरेंझो मेदिची असतो. धातूला काळसर-तपकिरी झांक आलेली असते, आणि पाहणाऱ्याला वाटतें कीं, ही वस्तु फार पुरातन असली पाहिजे. वस्तुतः मर्क्युरीची कल्पना १५८० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्यें जन्मास आली, आणि फळीवरची ही मूर्ति बहुधा १८८० च्या सुमारास पॅरिसमधील एखाद्या ओतशाळेंतून बाहेर पडली. या दोहोंमध्यें तीनशें वर्षांचें अंतर आहे. हें अंतर कसें ओलांडलें गेलें, आणि जी वस्तु अखेर 'नक्कल' म्हणून ओळखली जाते तिची किंमत काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

प्रथम धातूचा विचार केला पाहिजे. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबें व कथील यांचा मिश्र धातु. तो वितळला म्हणजे सांच्याच्या कानाकोपऱ्यांत सहज शिरतो, आणि थंड झाल्यावर इतका बळकट होतो कीं, संगमरवरांत जी मूर्ति घोट्याशीं मोडून पडली असती ती ब्राँझमध्यें एका पावलावर उभी राहूं शकते. म्हणूनच पुनरुज्जीवनकालांतील इटालियन शिल्पकारांना या धातूचें वेड लागलें. १४०१ सालीं फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मामंदिराच्या दारांसाठीं स्पर्धा झाली. तींत यशस्वी झालेल्या गिबेर्तीनें दारांची एक जोडी पुरी केली, आणि १४२५ सालीं दुसरीचें काम अंगावर घेऊन तें १४५२ सालीं संपविलें. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या दहा चित्रफलकांना पुढें 'स्वर्गद्वार' हें नांव पडलें, आणि तें मायकेलअँजेलोनें दिलें अशी आख्यायिका आहे. एका दाराच्या जोडीसाठीं सत्तावीस वर्षें खर्चणारें शहर ब्राँझला किती मान देत असेल, हें निराळें सांगावयास नको.

परंतु याच धातूला एक शापहि आहे. ज्या ब्राँझची मूर्ति होते त्याच ब्राँझची तोफ होते. मायकेलअँजेलोनें पोप दुसरा ज्यूलियस याचा मोठा ब्राँझचा पुतळा घडविला, आणि तो १५०८ सालीं बोलोन्या शहरांत उभारला गेला. तीनच वर्षांनीं, १५११ सालीं, पोपची सत्ता उलथली जातांच लोकांनीं तो खालीं पाडला, आणि फेराराच्या ड्यूकनें त्या धातूची तोफ ओतविली. तोफेचें नांव पोपच्या नांवावरूनच 'ज्यूलिया' असें ठेवण्यांत आलें. त्या पुतळ्याची प्रत कोणीं केली नव्हती. त्यामुळें मायकेलअँजेलोसारख्या पुरुषाची ती कृति जगाच्या डोळ्यांपुढून कायमची गेली. प्रतिकृतींचा इतिहास वाचतांना हा प्रसंग ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

मूर्ति ओतण्याची जी पद्धति इटलींत रूढ होती, ती भारतीयांस अपरिचित नाहीं. मेणाची मूर्ति घडवावी, तिच्यावर मातीचे लेप द्यावे, तापवून मेण काढून टाकावें, आणि झालेल्या पोकळींत वितळलेला धातु ओतावा, ही रीत बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत वर्णिलेली आहे. या रीतींत एक मोठा धोका आहे. मेणाची मूळ मूर्ति ओततांना नाहींशी होते. ओतकाम फसलें, तर कलावंताचे कित्येक महिन्यांचे श्रम मातीस मिळतात. आणि तें साधलें तरी मूर्ति एकच निघते.

हा धोका टाळण्याची युक्ति मांतुआच्या दरबारांतील पिएर जाकोपो आलारी बोनाकोल्सी या सोनार-शिल्पकारानें नामी रीतीनें योजिली. प्राचीन रोमन मूर्तींच्या लहान आवृत्त्या करण्यांत त्याचा इतका हातखंडा होता कीं, लोक त्याला 'आंतिको', म्हणजे 'प्राचीन', या टोपणनांवानेंच ओळखीत. तो मूळ नमुन्यावरून तुकड्यांचे सांचे घेई, त्या सांच्यांत मेणाची दुसरी मूर्ति घडवी, आणि ओतण्याच्या वेळीं ही दुसरी मूर्ति खर्ची घाली. मूळ नमुना सुरक्षित राही. १५१९ सालीं त्यानें मांतुआच्या राणीसाहेब इझाबेला देस्ते यांना पत्र लिहून कळविलें कीं, पूर्वीं बिशप लुदोविको गोन्झागा यांच्यासाठीं केलेल्या मूर्तींच्या प्रती आतां त्यांच्यासाठींहि ओतून देतां येतील. या पत्रांत क्षमायाचनेचा स्वर नाहीं. प्रत काढणें म्हणजे कांहीं कमीपणाचें कृत्य आहे, असें ना त्या कलावंतास वाटलें, ना त्या रसिक राणीस.

किंबहुना ज्या युगास आज अस्सलपणाचें माहेर समजतात, तें युगच मुळीं प्रती करणारें होतें. १५४० सालीं फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यानें प्रिमातिच्चो या चित्रकारास रोमला पाठवून पोपच्या बेल्व्हेदेर प्रासादांतील अपोलो, लाओकोऑन इत्यादि प्राचीन मूर्तींचे सांचे घेवविले, आणि फाँतेनब्लो येथें त्या ब्राँझमध्यें ओतविल्या. मूळ मूर्ति मिळणें राजालाहि शक्य नव्हतें. म्हणून त्यानें त्यांच्या आकृति नेल्या. विद्या एका देशांतून दुसऱ्या देशांत जाते ती पुष्कळदां अशाच वाटेनें जाते. ग्रंथाची नक्कल उतरून घेणाऱ्यास कोणी चोर म्हणत नाहीं.

त्याच काळांत फ्लॉरेन्समध्यें बेनव्हेनूतो चेल्लीनी आपला 'पर्सियस' ओतण्याच्या खटपटींत होता. १५४५ सालीं हातीं घेतलेलें हें काम १५५४ सालीं लोकांपुढें आलें. ऐन ओतण्याच्या दिवशीं आपल्याला तीव्र ताप भरला, भट्टींतील धातु गोठूं लागला, तेव्हां घरांतील कथिलाच्या थाळ्या-वाडगे भट्टींत टाकून आपण मूर्ति वांचविली, ही हकीकत त्यानें आपल्या आत्मचरित्रांत मोठ्या अभिमानानें सांगितली आहे. चेल्लीनीला बढाईची हौस होती, हें खरें. पण एकदांच साधणाऱ्या ओतकामांत कलावंताचा जीव कसा टांगणीस लागे, हें त्यावरून चांगलें कळतें.

चेल्लीनीनंतरच्या पिढींत हा टांगणीचा खेळ शिस्तबद्ध धंद्यांत बदलला. त्याचें श्रेय जांबोलोन्या यास द्यावें लागतें. हा मूळचा दूए गांवचा. १५२९ सालीं जन्मलेला आणि १६०८ सालीं फ्लॉरेन्समध्यें मृत्यु पावलेला. मर्क्युरीची मूर्ति याचीच. नमुना त्यानें करावा, आणि त्याच्या शाळेंतील आंतोनियो सुझिनी, पिएत्रो ताक्का यांच्यासारख्या कसबी शिष्यांनीं त्याच्या लहान प्रती ओतून, कानशीनें घासून, छिन्नीनें कोरून तयार कराव्या, अशी तेथील व्यवस्था होती. मेदिची राजे या मूर्ति परराज्यांना नजराणा म्हणून पाठवीत. १६१२ सालीं इंग्लंडचा युवराज हेन्री याच्याशीं सोयरीक जुळविण्याच्या हेतूनें फ्लॉरेन्सहून अशा मूर्तींची एक पेटी लंडनला गेली. त्यांतला लहानसा घोडा धाकट्या भावाला शोभेल असें कोणीं सुचवितांच, सर्व मूर्ति आपल्यालाच हव्यात असें अठरा वर्षांच्या त्या युवराजानें सांगितलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो वारला; सोयरीक राहिली ती राहिलीच. मूर्ति मात्र त्याच धाकट्या भावाकडे, म्हणजे पुढील राजा पहिला चार्ल्स याच्याकडे, आल्या.

एकोणिसाव्या शतकापर्यंत अशा मूर्ति राजवाड्यांत व सरदारांच्या संग्रहांतच राहिल्या. त्यानंतर फ्रान्समध्यें व्यापारी, वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी यांचा एक नवा वर्ग पुढें आला. त्याच्यापाशीं पैसा होता, शिक्षण होतें, आणि पूर्वजांकडून आलेल्या कलावस्तु मात्र नव्हत्या. त्याला फ्लॉरेन्स आपल्या घरांत हवें होतें. ही हौस भागविण्याचें साधन एका यंत्रज्ञानें शोधून काढलें. त्याचें नांव आशील कोलास.

कोलासनें १८३६ च्या सुमारास सिद्ध केलेलें यंत्र नकाशे लहान-मोठे करण्याच्या पँटोग्राफच्याच तत्त्वावर चालणारें होतें. एका बाजूस मोठ्या मूर्तीची प्लॅस्टरची प्रत, दुसऱ्या बाजूस लहान कोरा ठोकळा. एका दांड्याच्या टोंकाची बोथट सुई मोठ्या मूर्तीच्या पृष्ठभागावरून फिरे; त्याच दांड्यास जोडलेलें पातें ठोकळ्यावर तीच चढ-उतार ठराविक प्रमाणांत कापीत जाई. मूर्ति गुंतागुंतीची असली, म्हणजे हात, पाय, मस्तक असे भाग वेगवेगळे कापून मागाहून जोडले जात. ही कल्पना सर्वस्वीं नवी नव्हती. वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॉट उतारवयांत आपल्या माळ्यावरच्या कारखान्यांत मूर्तींची नक्कल करणाऱ्या यंत्रांवर खपत असे. पण कोलासच्या यंत्राला असा भागीदार लाभला कीं, ज्याला बाजारहि कळत होता आणि कलाहि.

हा भागीदार म्हणजे फर्दिनां बार्बेदियेन. १८१० सालीं नॉर्मंडींत जन्मलेला हा गृहस्थ पॅरिसमध्यें भिंतीला चिकटविण्याच्या चित्रित कागदांचा व्यापार करी. १८३८ सालीं या दोघांनीं भागीदारी केली आणि प्राचीन व पुनरुज्जीवनकालीन शिल्पांच्या लहान ब्राँझ-प्रती विकण्यास प्रारंभ केला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत त्यांचा माल मांडला गेला व वाखाणला गेला. ओतशाळेंत शेंकडों कारागीर राबूं लागले. सूचिपत्रांत एकच मूर्ति निरनिराळ्या उंचींत व निरनिराळ्या किंमतींत दाखविलेली असे. ऐपतीप्रमाणें ग्राहकानें लहान किंवा मोठी निवडावी. मायकेलअँजेलोनें मेदिची-समाधिमंदिरासाठीं घडविलेले लॉरेंझो व ज्यूलियानो अशा रीतीनें घराघरांत जाऊन बसले.

यंत्र आलें म्हणून हात थांबले, असें मात्र समजूं नये. यंत्रानें आकार दिला. त्यांत जीव आणणें कारागिरांकडेच राहिलें. फ्रेंच ओतारी बहुधा मेणाऐवजीं बारीक चिकट वाळूच्या सांच्यांत ओतकाम करीत. मूर्तीचे भाग वेगळे ओतले जात, एकांत एक बसवून खिळ्यांनीं पक्के केले जात; मग सांधे दिसूं नयेत म्हणून ते ठोकून व घासून एकजीव केले जात. त्यानंतर छिन्नीकाम करणारा केसांच्या बटा, नखें, वस्त्राच्या चुण्या धारदार करी. शेवटीं आम्लें व क्षार लावून आणि उष्णता देऊन तपकिरी, काळी किंवा हिरवट छटा आणली जाई. जी झांक पाहून अजाण ग्राहक मूर्तीला तीनशें वर्षांची समजतो, ती अशा प्रकारें थोड्या तासांत चढविलेली असते. पण बार्बेदियेननें यांत फसवणूक केली नाहीं. मूर्तीच्या बैठकीवर तो ओतारी म्हणून आपलें नांव कोरी, आणि यंत्रानें लहान केलेल्या प्रतींवर कोलासच्या नांवाचा वाटोळा शिक्काहि बसवी. प्रत आहे हें झांकण्याची त्याला गरज वाटली नाहीं. उलट त्याचें नांव हीच मालाची हमी ठरली.

१८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धांत पॅरिसला वेढा पडला, तेव्हां याच ओतशाळेंतून तोफा ओतल्या गेल्या. बोलोन्याच्या पुतळ्याची कथा निराळ्या रूपानें पुन्हां घडली; फरक इतकाच कीं, या वेळीं सांचे शाबूत होते. युद्ध संपलें आणि त्याच भट्ट्यांतून मर्क्युरी व लॉरेंझो पुन्हां बाहेर पडूं लागले. बार्बेदियेन १८९२ सालीं वारला. त्याच्या पुतण्यानें धंदा पुढें चालविला, आणि १८९८ सालीं रोदँ या थोर शिल्पकारानें आपल्या दोन कृतींच्या लहान प्रती काढण्याचा करार याच संस्थेशीं केला.

या व्यापारांत हानि झाली नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. लॉरेंझो हा मुळांत संगमरवरी आणि पुरुषाहून मोठा. समाधिमंदिराच्या भव्य भिंतींत, ठराविक उंचीवर, ठराविक प्रकाशांत तो बसलेला आहे. शिरस्त्राणाखालीं चेहऱ्यावर पडणारी छाया हाच त्या मूर्तीचा अर्धा अर्थ आहे. तोच लॉरेंझो हातभर उंचीचा, काळा आणि चकचकीत होऊन फळीवर आला, म्हणजे त्याचें चिंतन उरतें, पण गांभीर्य ओसरतें. समाधिमंदिरांतील 'दिवस' या मूर्तीचें मुख मायकेलअँजेलोनें अर्धवट खडबडीत ठेवलें आहे. पाषाणांतून बाहेर येऊं पाहणाऱ्या त्या मुखाची मौज धातूंत उतरणें कठीण. प्रतीनें मूळ कृतीचा आकार दिला. मोजमाप, द्रव्य व स्थान हीं तिला देतां आलीं नाहींत. हा भेद विसरला, कीं रसिकता बिघडते.

व्यापाऱ्यांच्या जोडीस संग्रहालयेंहि या कामांत उतरलीं. विजेच्या प्रवाहानें सांच्यावर तांब्याचा पातळ थर बसविण्याची कृति १८३८ च्या सुमारास प्रसिद्ध झाली होती. तिच्या साहाय्यानें मूळ वस्तूला धक्का न लावतां अत्यंत सूक्ष्म प्रत घेतां येऊं लागली. १८६७ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळीं हेन्री कोल या इंग्रज गृहस्थाच्या खटपटीनें युरोपांतील पंधरा राजपुत्रांनीं एका करारावर सह्या केल्या. आपापल्या देशांतील श्रेष्ठ कलाकृतींच्या प्रती परस्परांच्या संग्रहालयांस मिळाव्या, हा त्याचा आशय. लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयांत १८७३ सालीं अशा प्रतींसाठीं प्रचंड दालनें उघडलीं. तेथें मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड'ची पूर्णाकृति प्लॅस्टरची प्रत उभी आहे. ती १८५७ सालीं तुस्कनीच्या ग्रँड ड्यूकनें व्हिक्टोरिया राणीला भेट दिली होती. राजघराण्यांतील स्त्रिया पाहावयास येत, तेव्हां अडकविण्यासाठीं प्लॅस्टरचें एक अंजिराचें पान करून ठेवलें होतें. तेंहि तेथें जपलेलें आहे.

खुद्द फ्लॉरेन्सनेंहि प्रती करण्यांत संकोच मानला नाहीं. 'डेव्हिड'ची मूळ मूर्ति ऊन-पावसापासून वांचविण्यासाठीं १८७३ सालीं छपराखालीं नेली, आणि १९१० सालीं चौकांतील तिच्या जागीं संगमरवरी प्रत बसविली. नदीपलीकडच्या टेकडीवरील मायकेलअँजेलोच्या स्मारकांत क्लेमेंते पापी यानें ओतलेला ब्राँझचा डेव्हिड शहराकडे पाहत उभा आहे. एका शहरांत तीन डेव्हिड आहेत, आणि म्हणून पहिल्याची थोरवी तिळभरहि कमी झालेली नाहीं.

जेथें खऱ्याला किंमत असते तेथें खोट्याला धंदा सांपडतो, हा नियम येथेंहि चुकला नाहीं. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बास्त्यानीनी या शिल्पकारानें घडविलेला कवि बेनिव्हिएनीचा मृण्मय अर्धपुतळा पंधराव्या शतकांतील अस्सल कृति म्हणून १८६६ सालीं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानें विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षीं मोठा गवगवा झाला. ब्राँझच्या बाबतींत लबाडी याहून सोपी असते. जुन्या मूर्तीवरून सांचा घ्यावा, दुसरी मूर्ति ओतावी, बैठकीवरचें ओताऱ्याचें नांव घासून टाकावें, आणि पाठीशीं एखादी ऐकीव कथा जोडावी. परंतु धातु खोटें बोलत नाहीं. ब्राँझ थंड होतांना किंचित् आकसतो. म्हणून मूर्तीवरून ओतलेली मूर्ति मूळ मूर्तीपेक्षां शेंकडा एक-दोन अंशांनीं लहान भरते, आणि तिच्यावरील बारीक रेघा बोथट होतात. जुन्या तांब्यांत इतर धातूंचे जे सूक्ष्म अंश राहत, ते विजेनें शुद्ध केलेल्या पुढच्या काळांतील तांब्यांत फारसे राहत नाहींत. क्ष-किरणांच्या साह्यानें तें आतां ओळखतां येतें. मूर्तीच्या पोटांत राहिलेली भाजकी मातीहि आपलें वय सांगते. प्रामाणिक प्रत आणि बनावट वस्तु यांत घडणीचा भेद नसेल. भेद आहे तो नांव लपविण्यांत.

प्रतीची खरी कसोटी मात्र संकटाच्या वेळीं लागली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीला महापूर आला, आणि त्याच्या लोंढ्यानें गिबेर्तीच्या 'स्वर्गद्वारा'च्या दहा फलकांपैकीं पांच चौकटींतून उखडून टाकले. ते सांपडले, पण धूर, दमट हवा व जुना मुलामा यांमुळें आंतून चाललेली झीज त्यानंतरच्या तपासणींत उघड झाली. १९९० सालीं मूळ दारें काढून त्यांच्या जागीं मुलामा दिलेली ब्राँझची प्रत बसविण्यांत आली. मूळ दारांवरील दुरुस्ती पुरी होऊन तीं २०१२ सालीं संग्रहालयांत मांडलीं गेलीं. चौकांत येणारा प्रवासी आज जें सोनें उन्हांत झळकतांना पाहतो, तें प्रतीचें आहे. ऊन, पाऊस आणि गर्दी हीं सर्व ती आपल्या अंगावर घेत आहे.

बर्लिनची हकीकत याहून दुःखद आहे. १९४५ च्या मे महिन्यांत, युद्ध थांबण्याच्या सुमारास, फ्रीड्रिक्सहाइन येथील ज्या बुरुजांत संग्रहालयाचा ठेवा सुरक्षिततेसाठीं हलविला होता, त्याला आगी लागल्या. इटालियन शिल्पांपैकीं कित्येक जळालीं, कित्येक भंगलीं. परंतु बर्लिनच्या सरकारी सांचेशाळेंत त्यांपैकीं कांहींचे जुने सांचे व प्लॅस्टरच्या प्रती शिल्लक होत्या. २०१५ सालीं त्याच शहरांत 'हरवलेलें संग्रहालय' या नांवानें प्रदर्शन भरलें, तेव्हां नाहींशा झालेल्या मूर्तींच्या ऐवजीं या प्रतीच उभ्या राहिल्या. ज्यांना एके काळीं केवळ विद्यार्थ्यांच्या सरावाची वस्तु म्हणून तळघरांत टाकीत, त्याच आतां कांहीं मूर्तींच्या एकमेव साक्षीदार ठरल्या आहेत.

सरावाची वस्तु म्हणूनहि त्यांचें ऋण लहान नाहीं. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं युरोपीय मूर्तींच्या प्लॅस्टर-प्रती पुढें ठेवून हात बसविला. त्याच शाळेंतून शिकलेल्या गणपतराव म्हात्र्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'मंदिरपथगामिनी' घडविली, ती मात्र कोणाचीहि नक्कल नव्हती. नऊवारी नेसून हातांत पूजासाहित्य घेतलेली ती महाराष्ट्रीय युवती आहे. प्रत समोर ठेवून शिकलेला हात पुढें स्वतंत्र होतो, याचें याहून जवळचें उदाहरण शोधावें लागत नाहीं.

फळीवरच्या त्या लहान मर्क्युरीकडे पुन्हां पाहिलें, म्हणजे त्याच्या बैठकीवरील ओताऱ्याचें नांव प्रथम शोधावें. तें आढळलें तर निराश होण्याचें कारण नाहीं. ज्यानें मूर्ति कल्पिली त्याचा मान निराळा. ज्यांनीं तिचे सांचे घेतले, सांधे जुळविले, केसाची बट न् बट पुन्हां कोरली, त्या अनामिक कारागिरांचा मान निराळा. पहिला मान दुसऱ्याला देऊं नये, आणि पहिल्याच्या तेजांत दुसऱ्याला विसरूंहि नये. बोलोन्याचा पोप तोफेंत विरून गेला, कारण त्याचा सांचा कोणापाशीं नव्हता. फ्लॉरेन्सचा मर्क्युरी मात्र आपल्या शहरांतहि उभा आहे, आणि हजारों घरांतहि.